पीयूसीची नापास पावती आणि तिसरा सिलिंडर

आमची झेन १९९८ ची. आप्पांनी नवी घेतलेली, कार्बोरेटरवाली. आता ती माझ्याकडं असते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नूतनीकरण. २०२३ मध्ये ती पाळी पुन्हा आली आणि एप्रिल २०२२ पासून त्या कामाची फीच पाच हजार झालेली. फी भरायची तर गाडी पासच झाली पाहिजे, म्हणून आधी पीयूसी काढायला गेले. मुलानं सायलेन्सरमध्ये नळी घातली, कॉम्प्युटरकडं बघितलं आणि नापासची पावती हातात दिली.

बाकीच्या तक्रारी आधीपासून होत्याच. चढाला गाडी ओढत नव्हती. मे महिन्यात देवरुखहून येताना आंब्याचा घाट दुसऱ्या गिअरवर चढवला, एरवी तिसऱ्यावर आरामात यायची. सिग्नलला उभी असली की स्टिअरिंग थरथरायचं. पहिल्यात टाकून क्लच सोडला की पुढून धक्के बसायचे. पन्नासच्या वर गेलं की खालून 'ऊंऽऽ' असा आवाज यायचा आणि वेगाबरोबर वाढायचा. थंड गाडीत चौथ्यातून तिसऱ्यात आणताना गिअर कर्रकन ओरडायचा. सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धूर. अ‍ॅव्हरेजचं तर विचारूच नका.

घराजवळच्या गॅरेजला दाखवली. तिथल्या मालकानं बॉनेट उघडून दोनदा रेस केली, धूर बघितला, मला शेजारी बसवून गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारली आणि निकाल दिला. "मॅडम, रिंगा गेल्यात. हाफ इंजिन करावं लागेल. गिअर बॉक्स पण आवाज करतोय, तोही खोलू. क्लच प्लेट त्यातच बदलून टाकू." रिंगा म्हणजे पिस्टनवरच्या, आणि हाफ इंजिन म्हणजे इंजिन खोलून त्या बदलणं. अंदाज अठ्ठेचाळीस हजारांचा. गाडी विकायला काढली तर तिचे तेवढे आले नसते. त्याच्याकडचा पोरगा स्कॅनर घेऊन आला होता. डॅशबोर्डखाली हात घालून बराच वेळ सॉकेट शोधत बसला. कार्बोरेटरच्या गाडीला तो सॉकेट नसतोच, हे त्याला मालकानंच सांगितलं.

आप्पांच्या वेळचे एक मिस्त्री कोल्हापुरातच शिवाजी उद्यमनगरात आहेत. वय झालंय, आता निवडक गाड्या बघतात. त्यांच्याकडं एका बाजूला लेथवाला, दुसऱ्या बाजूला प्रेसवाला, त्यामुळं कुठलाही पार्ट घेऊन लांब पळावं लागत नाही. मी त्यांना सगळी कहाणी सांगायला लागले तर त्यांनी मध्येच थांबवलं.

"ताई, पावती आणलीया का पीयूसीची?"

पावती पर्समध्येच होती. त्यांनी चष्मा लावून वाचली. कार्बन मोनॉक्साइड १.८ टक्के, हायड्रोकार्बन १९२० पीपीएम. आमच्या काळातल्या, म्हणजे भारत स्टेज दोन या प्रदूषणाच्या नियमांआधीच्या पेट्रोल गाड्यांना मर्यादा ३ टक्के आणि १५०० पीपीएम अशी आहे. म्हणजे पहिल्यात पास, दुसऱ्यात नापास. मी त्या कागदाकडं दंडाची पावती म्हणून बघत होते. मिस्त्रींना त्यात निम्मं निदान दिसलं. कार्बोरेटर जादा पेट्रोल सोडत असता तर मोनॉक्साइड वर गेला असता. तो ठीक आहे, पण हायड्रोकार्बन भलताच चढलाय, याचा अर्थ पेट्रोल आत जातंय आणि न जळताच बाहेर पडतंय. चारपैकी एखादा सिलिंडर नीट जळत नाही. आधीच्या गॅरेजांनी कार्बोरेटर किती वेळा साफ केला असेल देव जाणे, प्रत्येक वेळी बिलात असायचाच.

"इंजिन कुठं चाललंय? ते नंतर बघू. आधी आवाज कुणाचा त्ये ठरवू," म्हणाले, आणि किल्ली माझ्याच हातात ठेवली. स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसले. पुढं बसलं की इंजिनच ऐकू येतं म्हणे.

तावडे हॉटेलवरून हायवेला लागलो. साठला आवाज पुरता सुरू झाला. मागून सूचना आली, "आता न्यूट्रल करा, पाय काढा." केलं. इंजिन आयडलवर आलं, गाडी नुसती घरंगळत होती, आणि 'ऊंऽऽ' तसाच. गाडी हळू होत गेली तसा तोही खाली आला. म्हणजे आवाज इंजिनाच्या फेऱ्यांवर चालत नव्हता, चाकाच्या फेऱ्यांवर चालत होता. इंजिन यातून सुटलं. गिअर बॉक्स मात्र अजून सुटला नव्हता, कारण न्यूट्रलमध्येही त्याच्यातलं डिफरन्शियल चाकांबरोबर फिरतच असतं. मग त्यांनी मागं-पुढं कुणी नाही बघून गाडी लेनमध्येच हलकी डावीकडं, मग उजवीकडं घ्यायला लावली. डावीकडं घेतली की आवाज वाढे, उजवीकडं घेतली की जवळजवळ बंद. डावीकडं वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. गिअर बॉक्सला गाडी कुठं वळतेय याचं काही सोयरसुतक नसतं.

परत येऊन पुढचं उजवं चाक जॅकवर घेतलं. मिस्त्रींनी माझा हात धरून सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. चाकाचा आवाज फारसा येत नव्हता, पण स्प्रिंगमधून बारीक खरखर थेट तळव्यात येत होती. डाव्या बाजूला तेच करून बघितलं तर स्प्रिंग गप्प. व्हील बेअरिंग गेलेलं. ज्याच्यासाठी गिअर बॉक्स खाली उतरणार होता त्या आवाजाचं मूळ हे.

पहिल्या गिअरचे धक्के बघायला बॉनेट उघडं ठेवलं, हँडब्रेक ओढला, मला पहिल्यात टाकून क्लच इंजिन बंद पडू न देता जेमतेम सोडायला सांगितला, मग रिव्हर्समध्ये तसंच. पुढं उभं राहायचं नाही, बाजूनं बघायचं, हे त्यांनी हाताखालच्या पोराला दरडावून सांगितलं. इंजिन जागच्या जागी एवढं उसळत होतं की माझ्या हातातला गिअर लिव्हर पण त्याच्याबरोबर हलत होता. इंजिनाला धरून ठेवणाऱ्या मागच्या माउंटिंगचं रबर अर्धं फाटलं होतं. क्लच प्लेट जळाली की धक्के बसतात हेही खरं, पण मग क्लच स्लिपही व्हायला हवा. ते तपासायला संध्याकाळी वाघबीळच्या चढाला गेलो. चौथ्यात चाळीसवर गाडी ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. क्लच स्लिप होत असेल तर इंजिन ओरडतं आणि वेगाचा काटा तिथंच राहतो. आमच्या गाडीला आरपीएमचा काटा नाही, कानांवरच काम. इंजिन ओरडलं नाही, उलट गुदमरल्यागत खाली बसलं. क्लच ताकद पोचवत होता, पोचवायला ताकदच कमी होती.

आता उरलं इंजिन. इथं मिस्त्रींनी जो वेळ घेतला त्याचं मला आजही कौतुक आहे, कारण रिंगा गेल्यात म्हणून सांगायला त्यांनाही दोनच मिनिटं लागली असती.

आधी गाडी आयडलवर ठेवून प्लगच्या वायरी एकेक काढल्या, जाड रबरी टोपण असलेल्या पकडीनं. पहिली काढली की इंजिन लगेच अडखळलं. दुसरी, तसंच. तिसरी काढली, काही फरक नाही. चौथी, पुन्हा अडखळलं. तिसरा सिलिंडर नुसता हजेरी लावत होता. प्लग बाहेर काढून ओळीनं फडक्यावर ठेवले. तिघांचा रंग बिस्किटासारखा. तिसरा काळा, ओला. मिस्त्रींनी तो नाकाशी धरला आणि माझ्याकडं दिला. पेट्रोलचा वास, ऑईलचा नाही. रिंगा झिजून ऑईल वर येत असतं तर प्लग ऑईलनं चिकट झाला असता.

तिसरा आणि दुसरा प्लग आपसांत बदलून बघितले, वायरी बदलल्या. दोष तिसऱ्यातच राहिला, म्हणजे प्लग आणि वायर दोन्ही सुटले. डिस्ट्रिब्युटरची कॅप साफ होती. मग त्यांनी ठिणगीची वेळ पुढं-मागं करणाऱ्या व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सची बारीक रबरी नळी कार्बोरेटरकडून काढून तोंडात धरली, हवा ओढली आणि जिभेनं टोक बंद केलं. नळी जिभेला चिकटून लोंबत राहिली. "पडदा शाबूत हाय," नळी तोंडातून काढून म्हणाले. त्या डायफ्रामबद्दल मला कुणी तरी आधी दीड हजार सांगितले होते.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची मुख्य वायर काढलेली, बॅटरी भक्कम. पहिल्या गॅरेजनं हे केलंच नव्हतं. मी आत बसून अ‍ॅक्सिलरेटर पार खाली दाबून धरायचा आणि ते 'मारा' म्हणाले की स्टार्टर मारायचा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला नाही तर हवा आत पुरेशी जात नाही आणि धडधाकट इंजिनसुद्धा आजारी दिसतं. एअर फिल्टरच्या झाकणावर त्यांनी खडूनं आकडे लिहिले, पौंडात: १६५, १६०, १०५, १६२.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळं आकडे रत्नागिरीपेक्षा इथं थोडे कमीच यायचे. मिस्त्रींना त्या आकड्यांपेक्षा त्यांच्यातलं अंतर महत्त्वाचं वाटत होतं. तीन जण एका रांगेत आणि एक पन्नास पौंडांनी खाली. टायमिंग बेल्ट एखाद्या दातानं सरकला असता तर चारही खाली आले असते. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, दोन सिलिंडरांच्या मध्ये फुटलं असतं तर शेजारचाही पडला असता. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, ऑईल दुधाळ नाही. उरल्या दोनच गोष्टी, रिंगा किंवा व्हॉल्व्ह.

हे ओळखायची पद्धत जुनी आहे आणि फुकटातली आहे. प्लगच्या भोकातून तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑईल सोडलं आणि परत मोजलं. ऑईल पिस्टनच्या कडेनं पसरतं आणि झिजलेल्या रिंगांची फट तेवढ्यापुरती बुजवतं. रिंगा गेलेल्या असतील तर आकडा तीस-चाळीस पौंडांनी उडी मारतो. आमचा झाला ११०. खात्रीसाठी दुसऱ्यातही चमचाभर टाकलं, तो १६० चा १७० झाला, एवढं चांगल्या सिलिंडरातही होतं. अठ्ठेचाळीस हजारांतला मोठा भाग त्या चमच्यात गेला.

पण व्हॉल्व्ह म्हणजे कुठला? पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत सोडली. आणि मला म्हणाले, "ताई, सायलेन्सरपाशी जाऊन बसा जरा." उकिडवी बसले. पाइपातून 'स्स्स' असा बारीक, न थांबणारा आवाज येत होता. तोंडावर हाताची ओंजळ धरली तर वाराही लागत होता. कार्बोरेटरच्या तोंडाशी काही नाही. ऑईल भरायच्या झाकणातून किंचित, तेवढं सगळ्यांचंच असतं. हवा एक्झॉस्टकडून, म्हणजे धुराच्या वाटेनं, पळत होती.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही, इथवर आलो. का बसत नाही ते त्याच दिवशी कळणार नव्हतं, कारण टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली, थंड इंजिनावर मोजायची असते. गाडी रात्रभर तिथंच ठेवली.

सकाळी वरचं कव्हर काढलं. झेनचं हे ९९३ सीसीचं इंजिन साधंसुधं आहे, आठ व्हॉल्व्ह, प्रत्येकाच्या रॉकरला स्क्रू आणि नट, फट हातानं लावता येते. मिस्त्री फट मोजायच्या फीलर गेजची पाती एकेक घालत गेले. बाकीच्या सात ठिकाणी पातं हलकं अडत, सरकत जात होतं. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला सगळ्यात पातळ पातंसुद्धा शिरेना. फट शून्य. रॉकर व्हॉल्व्हवर कायमचा हात ठेवून उभा, त्यामुळं व्हॉल्व्ह कधीच पुरता मिटत नव्हता. चढाला दाब वाढला की तिथून हवा पळायची.

टॅपेट ढिला असला की टिकटिक करतो, सगळे तक्रार घेऊन येतात. घट्ट झाला की उलट शांत होतो, आणि शांत इंजिन बघून माणूस खूश राहतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जिथं टेकतो ती सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होत जाते. शिवाय मिस्त्रींना संशय होता की मागं कुणी तरी टिकटिक नको म्हणून गरम इंजिनावरच सगळे आवळले असावेत. आता ते शोधून काढण्यात अर्थ नव्हता.

नट सैल केला, स्क्रू परत घेतला, फट लावून आवळला, फिरवून पुन्हा मोजली. आवळताना स्क्रू फिरतो आणि फट बदलते, म्हणून हे दोनदा-तीनदा करावं लागतं. सगळं जोडून स्टार्ट मारला. पहिली पाच मिनिटं काहीच फरक वाटला नाही, मी थोडी खट्टू झाले. मग इंजिन गरम झालं आणि स्टिअरिंगची थरथर हळूहळू विरत गेली. गरम कॉम्प्रेशन १३८. पुढच्या महिन्यात मुद्दाम मोजायला गेले तेव्हा १५०. व्हॉल्व्हवरची काजळी जळून तो नीट बसायला लागला होता. जळून कोपरा उडाला असता तर फट लावून काही उपयोग नव्हता, हेड उतरवावंच लागलं असतं.

गिअर बॉक्सचं कर्र उरलं होतं. रिव्हर्स टाकायच्या आधी क्लच दाबून तीन सेकंद थांबलं की रिव्हर्स बिनआवाज पडत होता, म्हणजे क्लच पूर्ण सुटत होता. फक्त तिसरा, तोही थंडीत आणि घाईत खाली आणताना. हे सिंक्रोचं, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या रिंगांचं दुखणं. ऑईल काढलं तर ते काकवीइतकं जाड निघालं, कुणी तरी साधं नाइंटी नंबर भरून ठेवलं होतं. उन्हात धरल्यावर त्यात सोनेरी भुकटी चमकत होती. सिंक्रोच्या रिंगा पितळी असतात, ती त्यांची झीज. पोलादाचे तुकडे असते तर दात तुटलेत असं समजायचं. तुकडा एकही नव्हता. ७५डब्ल्यू-९० जीएल-४ भरलं. थंड असतानाचं कर्र निम्म्याहून कमी झालं, पुरतं गेलं नाही. तिसऱ्यात जाताना मी आता क्षणभर थांबते.

सकाळच्या निळ्या धुराचा रिंगांशी संबंध नव्हता हे एव्हाना मलाही कळलं होतं. रिंगांचा धूर गाडी ओढताना सतत येतो. आमचा येतो तो रात्रभर उभी राहिल्यावर आणि लांब उतारानंतर पाय दिला की भसकन एकदा. व्हॉल्व्हची रबरी सीलं कडक झालीत, ऑईल दांड्यावरून आत झिरपतं. मी विचारलं, बदलायची का? "किती ऑईल खाती?" म्हणाले. मी सांगितलं, हजार किलोमीटरला दोनशे मिलीच्या आसपास. "खाऊ दे की. टाकत जावा." मला हे उत्तर फार आवडलं. जुन्या गाडीत काय दुरुस्त करायचं नाही हे सांगणारा मिस्त्री सहजासहजी भेटत नाही.

बेअरिंग शेजारच्या प्रेसवर बसवून घेतलं, माउंटिंग बदललं, गिअर ऑईल, मजुरी, सगळं धरून साडेसहा हजारांच्या आत भागलं. त्याच पीयूसीवाल्याकडं परत गेले. मोनॉक्साइड १.६, हायड्रोकार्बन ६४०. मुलानं काय केलंत म्हणून विचारलं. टॅपेट लावला म्हटल्यावर त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. आरटीओचं नूतनीकरण त्याच आठवड्यात झालं.

पाच हजार किलोमीटरनंतर फट पुन्हा तपासायला बोलावलं होतं. सात जागच्या जागी, तिसऱ्याचा एक्झॉस्ट पुन्हा थोडा घट्ट. म्हणजे तिथली सीट खचतेय. मिस्त्रींनी फट परत लावून दिली आणि कव्हरच्या आतल्या बाजूला खडूनं तारीख टाकली. अजून एक-दोनदा असं निभेल, मग हेड उतरवून सीट कापून घ्यायची. तेव्हाच ती सीलंही बदलू, टायमिंग बेल्टही टाकू, असं ठरलंय. पैसे बाजूला काढायला सुरुवात केली आहे.